पहिल्यांदाच सीडीवर!

१९६४ साली लंडनच्या मायकेल गॅरिक नावाच्या पियानोवादकाने ‘मूनस्केप’ ही दहा इंची छोटी तबकडी काढली. प्रती किती? नव्याण्णव. या आकड्याशी आपली ओळख बाटाच्या चपलांमुळे. पण गॅरिकचा हिशेब किमतीचा नव्हता, कराचा होता. त्या काळी ब्रिटनमध्ये रेकॉर्डवर खरेदीकर लागे आणि शंभरापेक्षा कमी प्रती काढल्या तर तो माफ असे. म्हणजे सरकारच्या दृष्टीने नव्याण्णव श्रोते ही घरची मंडळी आणि शंभरावा आला की धंदा सुरू. ब्रिटिश जॅझवाल्यांना ही अट मुळीच जाचक वाटली नसावी. शंभरावा श्रोता आणायचा कुठून, हीच तर त्यांची मूळ अडचण होती.

ही ‘मूनस्केप’ २००७ साली ट्रंक रेकॉर्ड्स या चिमुकल्या कंपनीने पुन्हा काढली, सीडीवर. चाळीसहून जास्त वर्षं नव्याण्णव कपाटांत कोंडलेलं संगीत एकदम कोणालाही मिळू लागलं. त्या नव्याण्णवांपैकी जे तोवर हयात होते त्यांना काय वाटलं असेल, याची मी कधीकधी कल्पना करतो. काल आपण निवडक होतो, आज नुसतेच म्हातारे.

साधारण १९५५ ते १९७० या काळातलं ब्रिटिश जॅझ सीडीवर जमवणाऱ्यांचा एक लहानसा समाज जगभर पसरलेला आहे. मी त्यात आहे. पुण्यातली आमची शाखा एवढी आहे की वार्षिक अधिवेशन रिक्षात भरवता येईल, तेही मीटरने. अमेरिकन जॅझ ऐकणारे लोक आमच्याशी सौजन्याने वागतात. माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन वगैरे झाल्यावर ते मायेने विचारतात, “ब्रिटिश जॅझ? असतं का असं काही?”

असं विचारायची पाळी यावी याला ब्रिटिश वादकांच्या युनियनने बराच हातभार लावला आहे. १९३५पासून अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवायला जवळजवळ बंदीच होती, ती १९५६ साली उठली. बंदीचं कारण शुद्ध स्वदेशी : बाहेरच्यांनी येऊन वाजवलं तर आमच्या माणसाने काय करायचं? आमच्या माणसाने काय करायचं ते आमच्या माणसाने शोधून काढलं. तो बोटीवर नोकरीला लागला. जेराल्डो नावाचा एक बँडवाला अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींना वादक पुरवायचा. त्यांना ‘जेराल्डोचं आरमार’ म्हणत. रॉनी स्कॉट, जॉनी डँकवर्थ ही पुढे नावारूपाला आलेली मंडळी ऐन विशीत ‘क्वीन मेरी’वर चढली. चार-पाच दिवस श्रीमंत जोडप्यांच्या गुडघ्यांना झेपेल अशा लयीत वाजवायचं, न्यूयॉर्कला बोट लागली की बावन्नाव्या रस्त्यावर धावत सुटायचं, चार्ली पार्कर कानात साठवायचा, आणि परतीच्या वाटेवर त्याच गुडघ्यांसाठी तेच वॉल्ट्झ. गुरूचं गाणं ऐकायला समुद्र ओलांडायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा, हे भाग्य आपल्याकडच्या कुठल्या शागिर्दाला लाभलं आहे?

बरं, एवढं शिकून घरी आल्यावर कौतुक झालं म्हणावं, तर तेही नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा जॅझचे दोन पंथ होते : ‘ट्रॅड’ आणि ‘मॉडर्न’, म्हणजे बॉप. ट्रॅडवाल्यांच्या मते जॅझ १९२०च्या दशकात पूर्णत्वाला पोचलं आणि पुढे फक्त नासत गेलं. भास्करबुवांनंतर गाणं संपलं असं म्हणणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा पंथ वेगळा समजावून सांगायला नको. त्यात सॅक्सोफोन म्हणजे निव्वळ पाखंड. हम्फ्री लिटल्टन हा ईटनमध्ये शिकलेला खानदानी ट्रम्पेटवाला. त्याने १९५३ साली आपल्या बँडमध्ये ब्रूस टर्नर नावाचा सॅक्सोफोनवादक घेतला, तर बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये श्रोत्यांनी फलक फडकावला : ‘घाणेरड्या बॉपवाल्या, घरी जा!’ मला यातली तयारी आवडते. फलक काही आयत्या वेळी होत नाही. कोणीतरी तो घरी बसून रंगवला असणार, वाळवला असणार, घडी घालून बसमधून आणला असणार. म्हणजे एकही सूर कानावर पडण्याआधी मत तयार होतं. रसिकतेची ही पातळी आपल्याकडे नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनासुद्धा गाठता आलेली नाही.

१९६० साली तर कहर झाला. लॉर्ड माँटेग्यू यांच्या ब्यूली इथल्या इस्टेटीवर जॅझ महोत्सव भरला होता. डोक्यावर गोल हॅट आणि अंगात वेस्टकोट घातलेला अ‍ॅकर बिल्क क्लॅरिनेट वाजवत असताना दोन पंथांच्या तरुणांत जुंपली. लोक मचाणांवर चढले, सामानाची मोडतोड झाली आणि बीबीसीला थेट प्रक्षेपण आवरतं घ्यावं लागलं. क्लॅरिनेट ऐकून दंगल होते, हे पोलिसांच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसावं. पुढच्या वर्षी आणखी एक महोत्सव करून लॉर्डसाहेबांनी तो नाद सोडला आणि आपल्या जुन्या मोटारींच्या संग्रहालयाकडे लक्ष दिलं. मोटारी एकमेकींच्या घराण्यावर बोलत नाहीत.

आज त्या दोन्ही पंथांच्या सीड्या एकाच माणसाच्या एकाच खणात गुण्यागोविंदाने राहतात. वय झालं की पंथ विरघळतात आणि उरतो तो फक्त संग्रह.

आता या रेकॉर्डी मुळात खपल्या का नाहीत, हे वेगळं सांगायला नको. १९६३ साली बीटल्स आले आणि बाकी सगळं फळीवर गेलं. हॉलंड पार्कमधल्या लॅन्सडाउन स्टुडिओत डेनिस प्रेस्टन हा निर्माता तरीही हट्टाने जॅझ ध्वनिमुद्रित करत राहिला. डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्या पंचकाच्या ‘शेड्स ऑफ ब्लू’, ‘डस्क फायर’ या तबकड्या त्याच्याच स्टुडिओतल्या. निघाल्या, समीक्षकांनी कौतुक केलं, आणि कंपनीने काही वर्षांत त्या यादीतून काढून टाकल्या. न खपण्यात मात्र एक दूरदृष्टी असते : पन्नास वर्षांनी वस्तू दुर्मीळ होते. ज्या एलपीला तेव्हा दीड-दोन पौंड द्यायला कोणी तयार नव्हतं, तिच्या चांगल्या प्रतीला आज लोक शेकडो पौंड मोजतात. २००२ साली जाइल्स पीटरसन या डीजेने ‘इम्प्रेस्ड’ नावाने या संगीताचा एक निवडक संग्रह काढला. त्यातून नाचायच्या क्लबांत जाणाऱ्या पोरांना समजलं की आपल्या आजोबांच्या पिढीत थंड चेहऱ्याचे, अरुंद टायचे, सिगारेट ओढणारे काही लोक भलतंच दांडगं वाजवत होते. आजोबांना हे कधीच समजलं नव्हतं. आजोबा बिल्क ऐकत होते.

मग पुनःप्रकाशनाचा पूर लोटला. बीजीओ, व्होकॅलियन, अ‍ॅव्हिड, ट्रंक. त्या सीडीच्या वेष्टनावर एक गोल लेबल असतं आणि आमच्या समाजाचं सगळं अर्थशास्त्र त्या लेबलावर चालतं. पहिल्या खेपेला त्यावर लिहिलेलं असतं, ‘पहिल्यांदाच सीडीवर!’ आपण घेतो. पाचेक वर्षांनी तोच अल्बम येतो, ‘पहिल्यांदाच मूळ मास्टर टेपवरून!’ म्हणजे मागच्या वेळी कशावरून केला होता, असा प्रश्न मनात येतो, पण तो कोणाला विचारायचा? आपण घेतो. नंतर, ‘पहिल्यांदाच मूळ मोनो आवाजात!’ नंतर, ‘आजवर अप्रकाशित तीन तुकड्यांसह!’ आणि शेवटी जपानहून, मूळ एलपीची हुबेहूब बाहुली असलेल्या कागदी पाकिटात, बाजूला जपानी अक्षरांची पट्टी. पट्टीवर काय लिहिलं आहे ते वाचता येत नाही, पण ‘पहिल्यांदाच’ असणार याबद्दल मला शंका नाही.

‘अप्रकाशित तुकडे’ या प्रकरणावर थोडं बोललं पाहिजे. १९६१ सालच्या एका दुपारी पाच माणसं वाजवायला बसली. पहिल्या खेपेला ड्रमरची काठी निसटली. दुसऱ्या खेपेला ट्रम्पेटवाला खोकला. तिसरी खेप उत्तम झाली, ती तबकडीवर गेली. उरलेल्या दोन खेपा त्यांनी आपल्या मते कायमच्या पुरून टाकल्या. चार दशकांनी कोणीतरी अभ्यासू माणूस तळघरात उतरतो, त्या उकरून काढतो आणि अल्बमच्या शेवटी जोडतो. आता जगभरचे लोक तो खोकला लक्षपूर्वक ऐकतात. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक त्याला ‘ऐतिहासिक’ म्हणतात. पुढच्या आवृत्तीत खोकल्याचा आवाज जास्त स्वच्छ येईल, अशी त्यांना आशा आहे.

दुसरी करामत म्हणजे ‘दोन अल्बम, एक सीडी’. एलपी पस्तीस-चाळीस मिनिटांची, सीडी फार तर ऐंशी मिनिटांची. तेव्हा दोन एलपी एका सीडीवर बसतात. पण कधीकधी दोन्ही मिळून ब्याऐंशी मिनिटं भरतात. मग एक रचना गाळली जाते आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खुलासा येतो की जागेअभावी अमुक रचना घेता आली नाही. गाळलेली रचना नेहमी चांगलीच असते, असा आमच्या समाजाचा ठाम समज आहे. तिच्यासाठी मूळ एलपी घ्यावी लागते. एलपी घेतली की सीडी घेण्याचं कारणच उरत नाही. पण तोवर सीडी आलेली असते.

आणि ती अक्षरं! एलपीचं पाकीट फुटाएवढं. त्याच्या पाठीवर त्या काळच्या समीक्षकाने दाबून निबंध लिहिलेला असे. सीडी बारा सेंटिमीटरची. तोच निबंध, जसाच्या तसा, सहापट लहान जागेत. आता गिऱ्हाईक कोण? साठीच्या पुढचा, मोतीबिंदूच्या अलीकडे-पलीकडे घोटाळणारा माणूस. त्याला नेमकं हे वाचायचं असतं. भिंग घेऊन, खिडकीशी उभं राहून, एक डोळा मिटून तो वाचतो आणि त्याला कळतं की फिल सीमन हा ड्रमर लंडनमध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या वाद्यवृंदात वाजवता वाजवता झोपला. शेजाऱ्याने ढोसल्यावर तो दचकून उठला, समोरच्या घंटेवर टोला हाणला आणि उभं राहून प्रेक्षकांना म्हणाला, “जेवण वाढलंय.” ही दंतकथा आहे. पण निम्म्या पुस्तिकांत ती असते आणि प्रत्येक वेळी ती वाचायला भिंग काढावंसं वाटतं.

मास्टर टेप हरवली असेल तर पुनःप्रकाशक काय करतो? कोणाची तरी जपून ठेवलेली एलपी मागून आणतो, तीच सुईखाली घालतो आणि त्यावरून सीडी करतो. मग संगणकाने त्यातली खरखर काढतो. जास्त काढली तर झांजेचा झणत्कारही खरखरीबरोबर जातो आणि ड्रमर उशीवर वाजवत असल्याचा भास होतो. कमी काढली तर गिऱ्हाईक पत्र लिहितं. यावर आमच्यात कडाक्याचे वाद होतात. वादात दोन्ही बाजूंचं वय आणि त्या वयाचे कान लक्षात घेतले, तर खरखर कुठून येते हा प्रश्न खुलाच राहतो.

या सगळ्या उद्योगाला कायद्याचीही फोडणी आहे आणि ती फोडणी लखनौची आहे. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पन्नास वर्षांचा होता. पन्नास वर्षं झाली की तबकडी सार्वजनिक. कोणीही उठावं, सीडी काढावी. जुन्या गायकांनी तक्रार केली की आम्ही अजून जिवंत आहोत आणि आमची गाणी मात्र बेवारस ठरताहेत. त्यांचा म्होरक्या शोभला क्लिफ रिचर्ड, जन्म लखनौ, १९४०. २०११ साली युरोपने मुदत सत्तर वर्षांवर नेली, ब्रिटनमध्ये ती २०१३च्या नोव्हेंबरात लागू झाली आणि लोक त्याला ‘क्लिफचा कायदा’ म्हणू लागले. पण जे एकदा सार्वजनिक झालं ते परत खासगी होणार नव्हतं. त्यामुळे १९६२च्या शेवटी एक अदृश्य कुंपण पडलं. कुंपणाच्या अलीकडे बाहेर पडलेलं सगळं मोकळं. पलीकडचं कंपनीच्या कुलपात. खुद्द क्लिफची पहिली-पहिली गाणी कुंपणाच्या मोकळ्या बाजूलाच राहिली. दुसऱ्याच्या लग्नात मानपान ठरवून द्यायचा आणि आपण पंगतीला उशिरा पोचायचं, यातलाच हा प्रकार.

आमची मात्र चंगळ झाली. १९५५ ते १९६२मधलं टबी हेजचं बरंचसं वाजवणं आज ‘चार अल्बम, दोन सीड्या’ अशा जुड्यांत, पावभाजीच्या भावात मिळतं. टबी हेज हा टेनर सॅक्सोफोनचा वाघ. १९६४च्या फेब्रुवारीत ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद लंडनला आला आणि त्याचा एक खंदा सॅक्सोफोनवादक ऐनवेळी वाजवण्याच्या अवस्थेत नव्हता. टबीला बोलावलं. तो गेला, समोरचे कागद पाहिले आणि वाजवून आला. १९७३ साली हृदयाच्या शस्त्रक्रियेत तो गेला तेव्हा वय होतं अडतीस. त्याने १९६९ साली केलेलं ‘ग्रिट्स, बीन्स अँड ग्रीन्स’चं ध्वनिमुद्रण तेव्हा बाहेरच पडलं नाही, टेपा सापडून ते निघालं २०१९ साली. पन्नास वर्षं उशीर. त्यावर जे आनंदाचे लेख आले त्यांत ‘हरवलेला’ हा शब्द सारखा होता. अल्बम हरवला नव्हता. कंपनीच्या गोदामात होता. कोणी शोधायला गेलं नव्हतं, एवढंच.

स्टॅन ट्रेसीची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती थोडक्यात वाचली. रॉनी स्कॉटच्या क्लबात सहा-सात वर्षं तो दर रात्री पियानोवर बसे, पाहुण्या अमेरिकनांना साथ करत. १९६५ साली त्याने डिलन टॉमसच्या नभोनाट्यावरून ‘अंडर मिल्क वुड’ ही मालिका रचली. ब्रिटिश जॅझमध्ये याहून सुंदर तबकडी नाही, हे माझं मत आहे आणि यावर वाद घालायला मी रिक्षात केव्हाही तयार आहे. पुढे काही वर्षांतच काम इतकं आटलं की या माणसाने पोस्टमन होण्याचा विचार केला. सुदैवाने झाला नाही. त्याने आणि पत्नीने ‘स्टीम’ नावाची स्वतःची कंपनी काढली, १९७६ साली तीच तबकडी स्वतः पुन्हा काढली, आणि तो २०१३पर्यंत वाजवत राहिला. पुनःप्रकाशनाच्या इतिहासात वादकाने स्वतः जगून, स्वतःच्या हाताने, स्वतःचीच रेकॉर्ड परत आणल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. त्याची सीडी माझ्याकडे पोस्टानेच आली.

बाकीच्यांना एवढी सवड मिळाली नाही. जमैकाहून १९५१ साली आलेला जो हॅरियट आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा. ‘फ्री फॉर्म’ आणि ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ या त्याच्या तबकड्या इतक्या पुढच्या होत्या की अमेरिकेच्या ‘डाउन बीट’ मासिकाने ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ला पाचपैकी पाच तारे दिले. लंडनने त्याला काय दिलं? १९७३च्या जानेवारीत तो साउदॅम्प्टनला वारला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि खिशात काही नव्हतं. त्याचं नाव आज प्रत्येक पुस्तिकेत ‘द्रष्टा’ या विशेषणाशिवाय येत नाही. विशेषणांवर खरेदीकर नसतो.

पण हॅरियटमुळेच आपली माणसं या गोष्टीत येतात. कलकत्त्याचा जॉन मेयर लंडनमध्ये व्हायोलिन वाजवत असे आणि संगीत रचत असे. डेनिस प्रेस्टनने त्याला विचारलं की एक अल्बम पुरा करायला छोटा तुकडा हवाय, आहे का तुझ्याकडे? मेयर म्हणाला, आहे. नव्हता. स्वतः मेयरच सांगत असे की त्याने तो रात्रीत बसून लिहिला. असल्या थापांशिवाय कलेचा इतिहास पुढे सरकत नाही. त्यातूनच १९६६ साली ‘इंडो-जॅझ सूट’ निघाला : हॅरियटचे पाच जॅझवाले आणि मेयरची भारतीय मंडळी, मिळून ‘दुहेरी पंचक’. सतारीवर दिवाण मोतीहार. तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. हे आडनाव गोव्याच्या पैंगीण गावाची आठवण करून देतं. आणि तबल्यावर केशव साठे, १९५०च्या दशकात मुंबईहून लंडनला गेलेले.

सीडीच्या पुस्तिकेत, त्या मुंगीएवढ्या अक्षरांत, एकापाठोपाठ एक इंग्रजी नावं वाचत असताना भिंगाखाली अचानक ‘साठे’ येतात, तेव्हा मराठी माणसाला काय होतं हे शब्दांत सांगणं कठीण आहे. पहिला विचार असा येतो की हे आपल्या कोण्या साठ्यांपैकी? दुसरा विचार असा, की यांना लंडनमध्ये पोहे कुठे मिळत असतील? संगीताचा विचार तिसऱ्या क्रमांकावर येतो.

‘सूट’मध्ये एक रचना मेघ रागावर आणि एक गौडसारंगावर बेतलेली आहे, पुढच्या अल्बममध्ये मुलतानीही आहे. आपल्याकडचा जाणता लगेच म्हणेल की गौडसारंग दुपारचा, मुलतानी दिवस कलताना, आणि जॅझचे क्लब उघडतात रात्री. बरोबर आहे. पण लंडनचा हिवाळा पाहिलेल्या माणसाला विचारा, तिथे दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली. मेघाचं तर विचारूच नका. त्या शहरात मेघ बाराही महिने बिनदिक्कत गावा. मी ती सीडी एकदा तबला शिकवणाऱ्या एका बुजुर्गांना ऐकवली. ते मांडीवर ताल धरून बसले. ट्रम्पेटवाला आकाशात गेला, हॅरियट त्याच्या मागून गेला, बुवा ढिम्म. तबल्याची एक तिहाई अचूक समेवर आली तशी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “मुलगा तयार आहे.” केशव साठे तेव्हा चाळिशीला आलेले होते. ही दाद त्यांना कोणी पोचवायला हवी होती. २०१२ साली ते लंडनमध्येच वारले.

आणखी एक नाव : अमान्सियो डिसिल्वा. १९३६ साली मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या कुटुंबातला गिटारवादक. जयपूरच्या महाराणींनी त्याला गिटार घेऊन दिली असं सांगतात. साठच्या दशकात तो लंडनला पोचला आणि १९६९ साली त्याचे दोन अल्बम आले : रेंडेल-कार यांच्या मंडळींबरोबर ‘इंटिग्रेशन’ आणि जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’. ‘हम दोनो’मध्ये गोव्यासाठी एक बॅलड आहे. फेणी, समुद्र, डोलणारे माड वगैरे काही नाही त्यात. एका शांत माणसाने लांबून केलेली आठवण आहे. ही तबकडी सीडीवर यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. मी ती एका दुकानात मागितली होती तेव्हा काउंटरवरचा मुलगा आत्मविश्वासाने आत गेला आणि देव आनंद घेऊन आला.

माझा पुतण्या हे सगळं ऐकून घेतो. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि अतिशय समजूतदार आहे.

“काका, पण हे सगळं मोबाईलवर मिळतं ना? महिन्याचे शे-दीडशे रुपये.”

“पुस्तिका मिळते का?”

“पुस्तिका तुम्हाला वाचता येते का?”

“भिंगाने येते.”

“आणि ही चकती घालायची कशात? माझ्या लॅपटॉपला खाच नाही, गाडीलाही नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला चहा दिला. तो म्हणतो ते खरंच आहे, पण अर्धं. मोबाईलवरची गोष्ट आज असते आणि करार संपला की उद्या नसते. आणि ड्रमरचं नाव तर बहुधा नसतंच. केशव साठे मला भिंगाखाली सापडले. मोबाईलच्या यादीत ते ‘इतर कलाकार’ झाले असते.

डिसिल्वाने १९७२च्या सुमारास ‘कोकण डान्स’ नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात मुंबईच्या रस्त्यावरची एक रचनाही आहे. कंपनीने तो काढलाच नाही. डिसिल्वा १९९६ साली वारला. ‘कोकण डान्स’ २००६ साली व्होकॅलियनने काढला, आणि त्याच्या बाबतीत ‘पहिल्यांदाच सीडीवर’ हे वाक्य अक्षरशः खरं होतं, कारण त्याआधी तो कशावरच नव्हता.

अशा सीड्या थोड्या निघतात आणि संपल्या की संपतात. तेव्हा कुठे जुन्या दुकानात, रद्दीत, परदेशी गेलेल्या भाच्याच्या सामानात ‘कोकण डान्स’ दिसला तर घासाघीस न करता घ्या. दोन असतील तर दोन्ही घ्या, एक मी घेईन. आणि घरात चालू स्थितीतला सीडी प्लेअर धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला एक फोन करा. नंबर संपादकांकडे आहे.